आपा छान बोलतात, पण समजत नाही

पालक सभेला येणाऱ्या आया सहसा दोनच गोष्टी विचारतात. मार्क किती पडले आणि पोरगी वर्गात गप्प बसते का. सात-आठ वर्षांपूर्वी आठवीच्या सभेला आलेल्या एका आईने यातले काहीच विचारले नाही. बुरख्याचे टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "आपा, बच्ची कहती है आप बहुत अच्छा बोलती हैं, सुनते रहने को जी चाहता है. पर समझ में कुछ नहीं आता."

मला आधी कौतुकच ऐकू आले. दुसरे वाक्य कानात शिरायला थोडा वेळ लागला. मग तिने बाकीचे सांगितले. तिची थोरली नववीत मराठीत नापास झाली आणि घरी बसली ती बसलीच. आता धाकटीही मराठीत अडकली होती. घटक चाचणीत वीसपैकी चार मार्क. वडिलांचे म्हणणे पडले होते की यंदा निभावले तर ठीक, नाही तर हिलाही शिवणक्लासला घालू. आई तक्रार करायला आली नव्हती. "थोडं ध्यान द्या," एवढेच म्हणून ती गेली.

मी टिटवाळ्याला राहते आणि कल्याणच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. आमच्या मुलांच्या घरी उर्दू चालते, काहींच्या घरी कोकणी मुसलमानांची बोली. मराठी त्यांना भेटते ती बाजारात, स्टेशनवर आणि माझ्या तासाला. त्यातही त्यांच्या बाकीच्या वह्या उजवीकडून उघडतात, मराठीची तेवढी डावीकडून.

त्या मुलीची वही मी संध्याकाळी मागून घेतली. आठवड्यापूर्वी मी संतसाहित्यावर पूर्ण तासभर बोलले होते. दोन रात्री तयारी केली होती. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम आणि खास आमच्या मुलांसाठी 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद. वर्ग अगदी शांत होता. तास संपला तेव्हा मी स्वतःवर खूश होते. मुलीच्या वहीत त्या दिवसाची तारीख होती आणि खाली उर्दू लिपीत दोन शब्द, दोनदा लिहिलेले: 'अब भाग'. मला काही उमगेना. मोठ्याने वाचले तेव्हा कळले. मी तासभर 'अभंग, अभंग' म्हणत होते आणि पोरीला 'अब भाग' ऐकू येत होते.

आधी हसू आले. मग आठवले की त्या तासात मी हा शब्द वीस वेळा तरी उच्चारला होता आणि फळ्यावर एकदाही लिहिला नव्हता.

व्याख्यानाचा दोष किती, आपला किती?

हल्ली कोणत्याही शिक्षक प्रशिक्षणाला गेले की व्याख्यान पद्धतीला नावे ठेवली जातात. शिक्षक बोलतो, मुले ऐकतात, ही जुनाट रीत आहे असे तज्ज्ञ सांगतात. गंमत अशी की तेही हे तीन तास व्याख्यान देऊनच सांगतात.

ही रीत जुनी आहे हे खरे. छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथाची एकच प्रत असायची. गुरू वाचायचा आणि शिष्य उतरून घ्यायचे. इंग्रजी 'लेक्चर' शब्दाचे मूळही लॅटिनमधल्या वाचण्याच्या क्रियापदात आहे. आपल्याकडच्या हदीसच्या मोठ्या मजलिशींमध्ये उस्तादांचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नसे. म्हणून तिथे 'मुस्तमली' नेमलेला असायचा. उस्तादांचे वाक्य तो मोठ्याने जसेच्या तसे पुन्हा सांगे. आपले बोलणे समोरच्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे, याची काळजी त्या लोकांनी माणूस नेमून घेतली होती. माझ्या वर्गात बासष्ट मुले होती आणि ही काळजी मी घेतली नव्हती.

महाराष्ट्राला तर व्याख्यानाचे वेडच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते. प्राचार्य शिवाजीराव भोसले, नांदेडचे नरहर कुरुंदकर यांना ऐकायला लोक दूरवरून येत. हे दोघे पेशाने शिक्षक. १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण हेही संतसाहित्याचे प्राध्यापक. आमच्या पिढीच्या मराठी शिक्षकांनी असे वक्ते मनात ठेवूनच खडू हातात घेतला.

चूक तिथेच होते. व्याख्यानमालेचा श्रोता घरून आवडीने निघालेला असतो. विषयाची थोडी जाण त्याला आधीच असते, भाषा त्याची स्वतःची असते आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याची परीक्षा घेत नाही. माझ्या वर्गातले मूल घंटा झाली म्हणून बसलेले असते. विषय नवा, भाषा परकी, मागच्या बाकावर पंख्याची खडखड. सभागृहातले व्याख्यान उचलून वर्गात आणले की वर्ग शांत होतो आणि ती शांतता आपल्याला समज वाटते.

डोनाल्ड ब्लाय नावाच्या इंग्रज अभ्यासकाने सत्तरच्या दशकात व्याख्यान पद्धतीवरच्या संशोधनाचा धांडोळा घेतला होता. त्याचा निष्कर्ष सरळ आहे. माहिती पोहोचवायला व्याख्यान इतर पद्धतींइतकेच चांगले, पण विचार करायला लावण्यासाठी किंवा मत बदलण्यासाठी ते कमी पडते. आपल्या अनुभवाशी हे जुळते. शेख महंमद कोण, कोणत्या काळातले, त्यांनी काय लिहिले, हे सांगूनच कळणार. पण अर्ज कसा लिहायचा हे ऐकून येत नाही, चार अर्ज लिहूनच येते. रोटी लाटणे, सायकल चालवणे, शुद्ध लिहिणे ही भाषणाने शिकवायची कामे नाहीत. व्याख्यान द्यावे की नाही, हे विषय पाहून ठरवावे. द्यायचे ठरले तर पुढच्या गोष्टी पाळाव्यात. मी त्या चुकत चुकत शिकले.

शेवटचे वाक्य आधी लिहा

बीएडला आम्ही पाठ टाचण लिहायचो तेव्हा हेतुकथन हा रकाना भरावा लागे. बहुतेक जण पुस्तकातून उतरवायचो. आता मी टाचणवहीत सर्वांत आधी एक वाक्य लिहिते: तास संपल्यावर मूल घरी जाऊन काय सांगू शकेल? 'संतसाहित्याची ओळख' हे उत्तर चालत नाही. 'अभंग म्हणजे काय आणि संतांनी तो लोकांच्या भाषेत का रचला' हे चालते. मग या वाक्याला लागतील तेवढेच तीन मुद्दे ठेवायचे. चौथा मुद्दा कितीही आवडता असला तरी उद्यासाठी. सगळ्यात जड जाते ते हेच, कारण तयारी केलेली असते आणि सगळे सांगून टाकावेसे वाटते.

ओळखीच्या दारातून आत न्या

हर्बार्टच्या पायऱ्या प्रत्येक बीएडवाल्याने पाठ केलेल्या असतात. त्यांतली पहिली पूर्वतयारी, म्हणजे मुलांना आधीच ठाऊक असलेले काढून घेणे. आम्ही परीक्षेत ती लिहितो आणि वर्गात 'काल आपण काय शिकलो?' एवढे विचारून पुढे जातो.

उर्दू माध्यमाच्या मुलांकडे मराठीचा केवढा साठा आहे, हे मला उशिरा लक्षात आले. जमीन, तारीख, अर्ज, खर्च, वकील, हजेरी, फक्त, मुद्दा, मुक्काम, मजकूर हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले. आता वर्षाचा पहिला तास मी यांच्यापासून सुरू करते. मुलांना वाटते, अरे, ही तर आपलीच! मग फसवे शब्द काढते. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण, मराठीत पहिलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव, मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे कमाल. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन पक्षांतली तडजोड, मराठीत नोकरी सोडल्याचे पत्र. एका मुलाने विचारले होते, "मग राजीनामा देताना राजी कोण असतं?" त्या दिवशी पाच मिनिटे ठरवलेला विषय बाजूला राहिला आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

कानाला डोळ्याची जोड द्या

टिटवाळा ते कल्याण तीन स्टेशनांचा प्रवास. लोकलमध्ये घोषणा होते ती मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत. वाक्य लहान, स्टेशनचे नाव प्रत्येक वेळी स्पष्ट, आणि तेच नाव डब्यातल्या पाटीवरही दिसते. पहिल्यांदा आलेला माणूसही शहाडला चुकून उतरत नाही. मी रोज हे ऐकत होते आणि वर्गात मात्र नवे शब्द हवेत सोडून देत होते.

आता तास सुरू होण्याआधी पाच शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. पाचच. शब्द बोलण्यात आला की त्यावर बोट ठेवते. जमल्यास वस्तू नेते. अभंगाच्या तासाला मी टाळ नेले होते.

या बाबतीत मायकल फॅरडेचे उदाहरण मला फार आवडते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने होत आली आहेत. १८६०-६१ च्या हंगामात फॅरडेने सहा व्याख्याने दिली ती एका मेणबत्तीवर. विजेच्या शोधांमुळे जगभर नाव झालेला हा शास्त्रज्ञ मुलांसमोर मेणबत्ती पेटवून उभा राहिला. मेण का वितळते, ज्योतीचा कोणता भाग जास्त तापतो, धूर म्हणजे काय, असे करत त्याने ज्वलनाचे सारे रसायन उलगडले. मेणबत्ती प्रत्येकाने पाहिलेली होती आणि नीट कोणीच पाहिली नव्हती. फॅरडेने सहा दिवस तीच पाहायला लावली.

थांबा, आणि थांबल्यावर गप्प राहा

माझ्या बोलण्यात सर्वांत मोठा दोष होता वेगाचा. वाक्यामागून वाक्य धावत होते आणि मुले मागे राहत होती.

१९८७ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. पंचेचाळीस मिनिटांच्या व्याख्यानात तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटे थांबायचे. त्या वेळात विद्यार्थ्यांनी जोडीदाराशी आपापल्या टिपणांबद्दल बोलायचे, शिक्षकाने काही सांगायचे नाही. ज्या वर्गात असे थांबले त्या वर्गाच्या लक्षात जास्त राहिले, लगेचही आणि नंतरच्या परीक्षेतही. सहा मिनिटे 'वाया' घालवून मिळालेला हा नफा.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याचेही असेच. मेरी बड रोव या अमेरिकन संशोधिकेने शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत आणि लगेच दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. ही वाट पाहणे तीन सेकंदांवर नेले तेव्हा उत्तरे लांबली, 'माहीत नाही' कमी झाले आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली. वाचक शिक्षकांनी उद्या करून पाहावे. प्रश्न विचारा आणि मनात तीनपर्यंत मोजा. तीन सेकंद किती लांब असतात ते कळेल. आमच्या मुलांना तर प्रश्न मराठीत ऐकून, उर्दूत समजून, उत्तर पुन्हा मराठीत आणायचे असते. त्यांना एका सेकंदात काय जमणार?

बोलण्याची ही शिस्त आपल्याला परकी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) इतके सावकाश बोलत की कोणाला शब्द मोजायचे असते तर मोजता आले असते, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात. महत्त्वाची गोष्ट ते तीनदा सांगत, असे हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) आठवड्यातून एकदाच, गुरुवारी उपदेश करीत. लोकांनी रोज करण्याचा आग्रह धरला तेव्हा, तुम्ही कंटाळाल म्हणून मी आवरते घेतो, असे त्यांनी उत्तर दिले. ऐकणाऱ्याचा कंटाळा ही बोलणाऱ्याची जबाबदारी, हे चौदा शतकांपूर्वी मान्य झालेले आहे. आपल्या मोहल्ल्यातले दोन-दोन तासांचे जलसे पाहून कधी कधी हे आठवते.

दिलेले परत मागा

तासाच्या शेवटी आपण विचारतो, "समजले का?" साठ मुले एका सुरात "होऽऽ" म्हणतात. या 'हो'वर मी पंधरा वर्षे विश्वास ठेवला.

आता शेवटची पाच मिनिटे वह्या बंद. एका चिठ्ठीवर प्रत्येकाने आज कळलेली एक गोष्ट आणि न कळलेला एक शब्द लिहायचा. सुरुवातीला उर्दूत लिहिले तरी चालेल. त्या चिठ्ठ्या मी लोकलमध्ये वाचते. कल्याणला खिडकी मिळाली तर टिटवाळा येईपर्यंत निम्म्या होतात. दुसऱ्या दिवशीचा तास त्यांतूनच सुरू होतो.

न पाहता आठवून लिहिणे हे नुसते तपासणे नाही, त्यानेच गोष्ट पक्की होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवड्याने पाहिले तर एकदा वाचून मग आठवून लिहिणारे पुढे असतात. हिफ्ज करणाऱ्या मुलांना उस्ताद रोज मागचा सबक ऐकवायला का लावतात, हे यावरून कळावे.

माझा पस्तीस मिनिटांचा तास आता साधारण असा असतो. पाच मिनिटे कालच्या चिठ्ठ्या आणि ओळखीच्या गोष्टीतून सुरुवात. सात मिनिटे बोलणे. दोन मिनिटे जोडीदाराला सांगणे. पुन्हा सात मिनिटे बोलणे. चार मिनिटे प्रश्न, थांबून थांबून. पाच मिनिटे शेवटचा मुद्दा आणि उजळणी. पाच मिनिटे चिठ्ठी. म्हणजे मी बोलते ते फार तर वीस मिनिटे.

याची किंमतही आहे

हे सारे फुकट मिळत नाही. पहिल्या वर्षी माझे दोन पाठ मागे पडले आणि शनिवारी जादा तास घ्यावे लागले. जोडीत बोलताना वर्गात गलका होतो. शेजारच्या वर्गातल्या सरांनी दोनदा डोकावून पाहिले. हुशार मुले पहिल्यांदा कंटाळली, त्यांना सरळ टिपणे हवी होती. आणि मलाही माझे जुने भाषण आठवायचे. शांत वर्गासमोर बोलत राहण्याची नशा असते, ती सोडणे सोपे नव्हते.

पण दुसरी बाजूही पाहावी. २०१४ मध्ये विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयीन वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते. जिथे मुलांना बोलते-करते ठेवले तिथे २२ टक्के. ते आकडे महाविद्यालयांचे, आमच्या शाळेचे नव्हेत. पण नापास म्हणजे काय, हे आपल्या घरांना चांगले ठाऊक आहे. मुलगा नापास झाला तर गॅरेजला जातो आणि मुलगी नापास झाली तर घरी बसते. शंभरातली ती बारा मुले कोणाची तरी असतात.

हे शाळेपुरतेच आहे असेही नाही. दहावीच्या मार्गदर्शन शिबिरात बोलणारे भाऊ, मक्तबमधले उस्ताद, रोज रात्री मुलाला तासभर समजावणारे अम्मी-अब्बा, सगळे व्याख्यानच देत असतात. एकदा मध्येच थांबून मुलाला विचारा, "आता मी काय सांगितलं ते तू मला सांग." रागाने नको, खरेच जाणून घ्यायला विचारा. तो सांगेल त्यातून आपले बोलणे कुठवर पोहोचले ते कळेल.

ती मुलगी आठवीत कशीबशी निघाली. नववीच्या सहामाहीत तिला मराठीत शंभरपैकी सदतीस मिळाले, काठावर पण पास. शिवणक्लासचा विषय घरी पुन्हा निघाला नाही, असे तिच्या आईने सांगितले. पुढे दहावीही झाली. नववीतली तिची एक चिठ्ठी माझ्या टाचणवहीत अजून आहे. मराठीत, डावीकडून उजवीकडे लिहिलेली. 'भंग म्हणजे तूटने. अभंग म्हणजे जे तूटत नाही.' शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. त्या मी दुरुस्त केल्या नाहीत.